आपली गरज, आपल्या तोंडाने

कोकणाचं स्वतंत्र विभागीय मंडळ रत्नागिरीत सुरू झाल्यापासून दहावीच्या निकालात राज्यातला पहिला क्रमांक कोकणाने सोडलेला नाही. २०२५ मध्ये या मंडळाचा दहावीचा निकाल ९८.८२ टक्के लागला, बारावीचा ९६.७४ टक्के. देवरूखमधल्या आणि संगमेश्वर तालुक्यातल्या इतर शाळांना या निकालाचा अभिमान वाटतो, आणि तो रास्तच आहे. या उत्तीर्ण मुलांमध्ये दिव्यांग मुलंही असतात. कुणाला कमी दिसतं, कुणाला ऐकू येत नाही, कुणी कुबड्यांवर चालतं, कुणी वाचताना अडखळतं. त्यांना दहावीपर्यंत आणण्यासाठी शाळा, विशेष शिक्षक आणि आईवडील मनापासून झटतात. पण अशा मुलांना पुढच्या शिक्षणासाठी आणि कामधंद्यासाठी तयार करण्याचं काम या भागात करताना एक गोष्ट सतत समोर येते. दहावी पास झालेली ही मुलं अकरावीत दिसतात, बारावीत थोडी कमी दिसतात, आणि पदवीच्या वर्गात किंवा नोकरीच्या जागी ती हुडकावी लागतात. हे फक्त इथलं चित्र नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७६ व्या फेरीत, २०१८ च्या उत्तरार्धात, देशभरातल्या दिव्यांगांची पाहणी झाली. पंधरा वर्षांवरच्या दिव्यांगांपैकी माध्यमिक किंवा त्यापुढचं शिक्षण झालेले १९.३ टक्के निघाले. काम करणारे किंवा काम शोधणारे मिळून २३.८ टक्के. या आकड्यांत म्हातारपणी दृष्टी किंवा हातपाय गेलेले लोकही आहेत, म्हणून ते जसेच्या तसे सोळा वर्षांच्या मुलाला लावता येत नाहीत. तरीही शाळेच्या निकालाचा आकडा आणि आयुष्याच्या निकालाचा आकडा यांतलं अंतर एवढं आहे की ते वयाच्या खात्यावर टाकून मोकळं होता येणार नाही.

या अंतराची कारणं विचारली की तीन उत्तरं हमखास मिळतात: सोयी नाहीत, पैसा नाही, नोकऱ्या नाहीत. तिन्ही खरी आहेत. पण त्यांच्याआधी येणारं एक कारण आहे, त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. शाळेत मुलाला जी मदत मिळते ती बहुतेक त्याने न मागता मिळते. पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रातले विशेष शिक्षक शाळेत येतात, यादी करतात. परीक्षेत तासाला वीस मिनिटं जादा वेळ, लेखनिक, आकृत्यांची सूट, सवलतीचे गुण यांचे प्रस्ताव मुख्याध्यापक पाठवतात. वाहतूक भत्ता, मदतनीस भत्ता, मुलींचा दरमहा दोनशे रुपयांचा प्रोत्साहन भत्ता समग्र शिक्षा योजनेतून येतो आणि त्याची कागदपत्रं शाळाच बघते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ३१ व्या कलमाने लक्षणीय दिव्यांगत्व, म्हणजे किमान चाळीस टक्के, असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. लगेच पुढचं ३२ वं कलम सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा आणि वयात पाच वर्षांची सूट देतं. कागदावर दोन्ही कलमं शेजारी आहेत. प्रत्यक्षात मात्र पहिल्याचा लाभ देण्यासाठी एक यंत्रणा मुलाच्या दारापर्यंत येते, आणि दुसऱ्याचा लाभ घेण्यासाठी मुलाला स्वतः खिडकीपाशी जावं लागतं. कॉलेजात आपल्याला कुणी शोधत येत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज आपण भरायचा, लेखनिकाची परवानगी आपण काढायची, तळमजल्यावर वर्ग हवा हे आपण सांगायचं. ज्याने दहा वर्षांत एकदाही स्वतःसाठी काही मागितलेलं नाही, त्याच्यावर हे सगळं एका जूनमध्ये येऊन पडतं. म्हणून माझं म्हणणं असं आहे की आपली गरज काय आहे हे मुलाला नेमकं ओळखता येणं आणि ते स्वतःच्या तोंडाने सांगता येणं, हा कॉलेजच्या आणि करिअरच्या तयारीचा गाभा आहे. तो आठवीत सुरू व्हायला हवा. आणि आज तो कुणाच्याही कामाच्या यादीत नाही.

हे काम किती बारीक असतं ते लेखनिकाच्या उदाहरणावरून कळेल. लेखनिक मिळाला की प्रश्न सुटला असं सर्वांना वाटतं. पण उत्तर येणं वेगळं आणि ते दुसऱ्याकडून लिहवून घेणं वेगळं. गणिताच्या पेपरात मुलाने ‘दोन एक्स अधिक तीन भागिले पाच’ असं सांगितलं, तर पाचाने फक्त तीनला भागायचं की पूर्ण पदावलीला? लेखनिक खालच्या वर्गातला. त्याला जे वाटेल ते तो लिहिणार. म्हणून ‘कंस सुरू, दोन एक्स अधिक तीन, कंस पूर्ण, भागिले पाच’ असं बोलायची सवय लागावी लागते. मराठीच्या पेपरात परिच्छेद कुठे तोडायचा, जोडाक्षर कसं, उत्तराचा क्रमांक बदलला तर समासात काय लिहायचं, लिहिलेलं परत वाचून घ्यायला किती मिनिटं राखायची, हे सगळं सांगणाऱ्याने ठरवायचं असतं. लेखनिक घाईघाईने आपल्या मनाचं वाक्य लिहू लागला तर त्याला न दुखावता थांबवणंही त्यातच आलं. हा सराव नववीपासून, साध्या घटक चाचण्यांमध्ये, वेगवेगळ्या लेखनिकांबरोबर करता येतो. बहुतेक ठिकाणी मात्र मूल आणि लेखनिक यांची पहिली भेट परीक्षेच्या आदल्या दिवशी होते. मग आलेल्या गुणांवरून मुलाची कुवत ठरते, आणि त्या कुवतीवरून त्याची शाखा. शिवाय या व्यवस्थेचा रोखही बदलतो आहे. ऑगस्ट २०२५ मधल्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना परीक्षार्थीने स्वतः आणलेल्या लेखनिकापेक्षा परीक्षा घेणाऱ्या संस्थेने दिलेल्या लेखनिकावर आणि संगणकाच्या साधनांवर भर देतात. म्हणजे अनोळखी माणसाला नेमकं सांगता येणं किंवा स्वतः टाइप करता येणं, या दोनपैकी एक तरी गोष्ट उद्याच्या स्पर्धा परीक्षेत लागणारच.

दुसरं उदाहरण नोट्सचं. आता नोट्स व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. शिक्षक वहीच्या पानाचा फोटो काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकतात आणि बाकीच्यांची सोय होते. ज्याला दिसत नाही त्याच्या फोनमधलं टॉकबॅक ‘फोटो’ एवढं म्हणून थांबतं. टाइप केलेल्या नोट्स आल्या तरी त्या जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फाँटमध्ये असतील, तर स्क्रीन रीडर अर्थहीन अक्षरांची माळ वाचतो. यावरचा उपाय फुकट आहे: तोच मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून वर्डच्या फाइलमध्ये पाठवायचा. एनव्हीडीए हा संगणकावरचा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. पण हा उपाय शिक्षकांना ठाऊक असेलच असं नाही, आणि तो सांगू शकणारा वर्गातला एकमेव माणूस म्हणजे ते मूल. ‘सर, नोट्स नीट मिळत नाहीत’ ही तक्रार झाली. तिच्यावर सर हळहळतात आणि कुणातरी मित्राला वाचून दाखवायला सांगतात. ‘सर, फोटोऐवजी युनिकोडमध्ये टाइप केलेली फाइल पाठवाल का?’ ही मागणी झाली, आणि ती पुरी करता येते. शिक्षकाची तयारी असते, फक्त नेमकं काय करायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. तक्रारीकडून मागणीकडे येण्यासाठी मुलाला आधी स्वतःची साधनं ठाऊक असावी लागतात, आणि ती त्याला शाळेतच हाताळायला मिळायला हवीत. घराडीच्या स्नेहज्योती निवासी अंध विद्यालयासारख्या विशेष शाळांमध्ये हे वातावरण असतं. पण तिथून बाहेर पडून साध्या हायस्कूलच्या वर्गात बसणाऱ्या किंवा पहिल्यापासून साध्याच शाळेत असणाऱ्या मुलाला ते आपोआप मिळत नाही.

सवलतींबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे, कारण इथे चांगल्या हेतूने नुकसान होतं. काही प्रकारच्या दिव्यांगत्वात गणिताऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित घ्यायची मुभा आहे, भाषा विषयातही सूट मिळते. ज्याला खरोखर गरज आहे त्याच्यासाठी ही सवलत म्हणजे दहावीचं दार उघडणं आहे, आणि ती काढून घ्यावी असं मी म्हणत नाही. पण हा निर्णय बऱ्याचदा ‘कशाला उगीच धोका’ म्हणून घेतला जातो, मुलाला त्याची किंमत न सांगता. दहावीला गणित नसेल तर विज्ञान शाखा आणि तंत्रनिकेतन हे रस्ते जवळजवळ बंद होतात, आणि पुढे बँकेच्या परीक्षेत अंकगणिती क्षमतेचा पेपर समोर येतो तेव्हा पाया कच्चा असतो. असे निर्णय चौदाव्या-पंधराव्या वर्षी होतात. बारावीनंतर करिअर मार्गदर्शनाचं शिबिर भरतं तेव्हा मार्गदर्शकापुढे आलेल्या मुलाचे निम्मे रस्ते आधीच बुजलेले असतात. त्यात ठरीव समजुतींची भर: दिसत नसेल तर कला शाखा आणि संगीत, ऐकू येत नसेल तर चित्रकला, चालता येत नसेल तर कॉम्प्युटर. मुलाची आवड खरोखर तीच असेल तर छानच. पण त्याला कुणी विचारलंय का, एवढाच माझा प्रश्न आहे.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप दिव्यांग हक्कांच्या चळवळीतून येतो, आणि मला तो मनापासून महत्त्वाचा वाटतो. तो असा की मुलाला मागायला शिकवणं म्हणजे व्यवस्थेचं ओझं त्याच्याच खांद्यावर टाकणं. उतार नसलेली इमारत दोषी आहे. चाकाच्या खुर्चीवरच्या मुलीने नम्रपणे उतार मागायला का शिकावं? हे तत्त्व म्हणून मला पूर्ण मान्य आहे. रॅम्प, स्वच्छतागृह, तळमजल्यावरचं ग्रंथालय या गोष्टी कुणी मागायची वाट न बघता व्हायला हव्यात. त्या उपकार नव्हेत, कायद्याचं बंधन आहे. पण कायद्यातच दुसऱ्या प्रकारची एक गोष्ट आहे. सर्वांसाठी सारखी सोय करून जे भागत नाही, ते त्या एका व्यक्तीच्या गरजेप्रमाणे, संस्थेवर अवाजवी भार न टाकता, करून देणं, यालाही २०१६ चा कायदा हक्क मानतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात, दिव्यांगत्व चाळीस टक्क्यांच्या खाली असलं तरी गरज असल्यास लेखनिक नाकारता येणार नाही, असा निकाल दिला. तो याच पायावर उभा आहे: टक्केवारीचा आकडा नव्हे, तर त्या माणसाला काय लागतं ते बघा. आता माणसाला काय लागतं हे त्या माणसाशिवाय कोण सांगणार? कमी दिसणाऱ्या दोन मुलींपैकी एकीला मोठ्या ठशातली प्रश्नपत्रिका लागते, दुसरीला खिडकीचा उजेड सहन होत नाही म्हणून भिंतीकडची जागा लागते. ही माहिती कुठल्याही शासन निर्णयात असू शकत नाही. हा हक्क बोलून घेण्याचा आहे, आणि बोलता न येणाऱ्याच्या हातात तो कोरा कागद राहतो.

शरीराकडे बघून निकाल देण्याची सवय जुनी आहे. याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे मुलगा असताना परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत पायी गेले, आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना बसू दिलं नाही. आज तपासणी मंडळं असतात, प्रमाणपत्रं असतात, पण एका नजरेत ठरवून टाकण्याचा मोह तसाच आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या बाबतीत ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की दिव्यांगत्वाची टक्केवारी जास्त आहे एवढ्यावरून उमेदवार अपात्र ठरत नाही; तो अभ्यासक्रम पुरा करू शकेल का, हे मंडळाने तपासायचं आहे. ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलं होतं. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची हकिगत महाराष्ट्राला ठाऊक आहे. लहानपणी दृष्टी गेलेल्या प्रांजल २०१६ मध्ये लागलेल्या नागरी सेवा परीक्षेच्या निकालात ७७३ व्या आल्या, पण पूर्ण अंधत्वाचं कारण देऊन त्यांना रेल्वेच्या सेवेत घेतलं गेलं नाही. पुढच्याच परीक्षेत त्या १२४ व्या आल्या आणि आयएएस झाल्या. अशी उदाहरणं मुलांपुढे ठेवताना मी सावध असतो. प्रत्येक दिव्यांग मुलाने आयएएस होऊन स्वतःची लायकी सिद्ध करावी, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. बाकीच्या मुलांना आपण साधं कारकून, साधं दुकानदार, साधं शिक्षक व्हायची मुभा देतो. त्या हकिगतीतून घ्यायचं ते हे की हातात अंधांची शाळा, स्क्रीन रीडर आणि चांगलं कॉलेज असलेल्या माणसालासुद्धा नकार मिळतो, आणि नकारानंतर काय करायचं हेही तयारीतच मोडतं. नकार लेखी मागायचा, त्याचं कारण मागायचं, दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते हे ठाऊक असायचं. देवरूखच्या मुलाला हे कुणी सांगितलेलं नसतं.

आईवडिलांचा आक्षेप वेगळा असतो, आणि तो प्रेमातून येतो: आम्ही आहोत ना, मग त्याला कशाला बोलायला लावता? इथली घरं डोंगरउतारावर वाड्यावाड्यांत विखुरलेली. घरापासून रस्त्यापर्यंत जांभ्या दगडाची पाखाडी, पावसाळ्यात ती शेवाळाने निसरडी, मध्ये एखादा साकव, आणि मग देवरूख आगाराची एसटी. एसटीत पंचाहत्तर टक्के सवलत असली तरी ती एसटीत चढल्यानंतरची गोष्ट आहे. रोज मुलीला हाताला धरून त्या पाखाडीवरून उतरवणाऱ्या आईने ‘दहावी झाली, आता पुरे’ म्हटलं, तर तिला दोष देण्याचं धाडस मला होत नाही. मुलीच्या बाबतीत हे लवकर म्हटलं जातं, एवढं मात्र नोंदवलं पाहिजे. पण कोकणातला करिअरचा रस्ता कुठून जातो ते बघा. पिढ्यान् पिढ्या तो मुंबईतल्या मामाच्या नाहीतर काकाच्या खोलीतून गेला. बारावी झालेला भाऊ तिकडे जातो, ओळखीने कुठेतरी चिकटतो, रात्रीचं कॉलेज करतो. दिव्यांग भावंडाला त्या खोलीत पाठवायचा विचारच होत नाही, कारण ‘तिथे त्याचं कोण करणार?’ म्हणजे गावाला जी एकमेव खात्रीची शिडी आहे, ती त्याच्यासाठी पहिल्या पायरीलाच काढून घेतली जाते. स्वतःचं स्वतः करण्याची आणि मदत मागण्याची सवय त्याला असती, तर त्या प्रश्नाचं उत्तर घरात मिळालं असतं. आणखी एक लहानशी वाटणारी गोष्ट सांगतो. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले. शिष्यवृत्तीही ऑनलाइन, दिव्यांग ओळखपत्रही ऑनलाइन. प्रत्येक ठिकाणी मोबाइलवर ओटीपी येतो, आणि नोंदवलेला मोबाइल असतो मुंबईत कामाला असलेल्या वडिलांचा. मूल सायबर कॅफेत बसलेलं, ओटीपी लोकलच्या गर्दीत. अर्ज तिथेच राहतो. मुलाच्या नावाचा ईमेल, त्याच्या हातातला नंबर, त्याला पाठ असलेला पासवर्ड, ही दहावीच्या आधी करायची कामं आहेत, आणि त्यातूनच घराला पहिल्यांदा कळतं की हा आपला व्यवहार आपण बघू शकतो. मोठ्यांमध्ये बोलू नये हा संस्कार आपल्याकडे पक्का आहे. पण डॉक्टरांनी मुलाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आईने द्यायचं, हा काही संस्कार नव्हे.

शिक्षक म्हणतात, वेळ कुठे आहे? त्यांचं खरं आहे. एका विशेष शिक्षकाकडे किती शाळा असतात, आणि त्या किती लांब असतात, हे मला ठाऊक आहे. पण यातलं बरंचसं काम वेळापत्रकात आधीच बसलेलं आहे. दहावीच्या मराठीत उपयोजित लेखनात विनंतीपत्र आणि मागणीपत्र आहे. मुलं रोपवाटिकेकडे रोपांची मागणी करणारं पत्र सुंदर लिहितात. त्याच तासाला एखाद्या विद्यार्थिनीने प्राचार्यांना ‘माझा वर्ग तळमजल्यावर ठेवावा, कारण मला जिना चढताना आधार लागतो’ असं पत्र लिहिलं तर अभ्यासक्रम तोच राहतो, गुण तेच राहतात, आणि तिच्या फाइलमध्ये एक खरा कागद तयार होतो. पालकसभा आहेतच, तिथे मुलाबद्दल बोलायच्या आधी मुलाला बोलू द्यायचं. अमेरिकेत शाळेतून पुढे जाण्याचा आराखडा सोळाव्या वर्षापर्यंत करणं कायद्याने बंधनकारक आहे आणि त्या बैठकीला विद्यार्थ्याला बोलवावंच लागतं. आपल्याकडे असा कायदा येईल तेव्हा येईल, पण बैठकीत मुलाला खुर्ची द्यायला कायदा लागत नाही.

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांचं काय, हा प्रश्न विचारला की संभाषण थांबतं. ‘ती काय मागणार?’ असं गृहीत धरलेलं असतं. माझं मत नेमकं उलट आहे: ज्याला शब्द कमी, त्याला निवड करायचा सराव सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त लागतो. दोन कामं करून बघितल्यावर कोणतं आवडलं हे चित्रावर बोट ठेवून सांगणं, कंटाळा आला की काम टाकून पळून न जाता थांबायचं कार्ड दाखवणं, मजुरीचे पैसे मोजून घेणं. रत्नागिरीत आविष्कार संस्थेच्या सविता कामत विद्यामंदिराला जोडून शामराव भिडे कार्यशाळा आहे. शाळेनंतर प्रौढ वयातही काम असलं पाहिजे, हा विचार जिल्ह्यात अशा रीतीने रुजलेला आहे. कॉलेज हा सर्वांचा रस्ता नव्हे, हे खरं. पण रस्ता कुणाचाच नाही असं होत नाही. इथे एक कायदेशीर बाजूही आहे. मूल अठरा वर्षांचं झालं की आईवडील आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो, आणि २०१६ च्या कायद्याने तर पालकाने सगळं ठरवण्याऐवजी त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून निर्णय घ्यावा, अशी मर्यादित पालकत्वाची दिशा दाखवली आहे. विचारविनिमय अठराव्या वाढदिवशी सुरू होत नाही.

आणि नोकऱ्या? सरकारी नोकऱ्यांत चार टक्के आरक्षण आहे, पण सरकारी नोकऱ्याच किती राहिल्या आहेत. हा आक्षेप मी टाळत नाही. म्हणूनच मला शाळेत असतानाच्या कामाच्या अनुभवाला सर्वांत जास्त महत्त्व द्यावंसं वाटतं. अमेरिकेत या शतकाच्या पहिल्या दशकात हजारो दिव्यांग विद्यार्थ्यांचा शाळेनंतर कित्येक वर्षं मागोवा घेणारा राष्ट्रीय अभ्यास झाला. त्यावर आधारलेल्या अनेक संशोधनांत, हायस्कूलमध्ये असताना पगारी काम केलेल्या मुलांना पुढे नोकरी मिळण्याचं प्रमाण जास्त आढळलं. यावर कुणी म्हणेल की जी मुलं मुळात जास्त सक्षम, त्यांनाच शाळेत काम मिळालं असेल. काही अंशी तसं असेलही. पण कामाच्या जागी मिळणारा धडा वर्गात देता येत नाही: वेळेवर पोचणं, वरिष्ठाला ‘मला तोंडी सांगितलेलं कळत नाही, लिहून द्या’ म्हणणं, चूक झाली तर सांगणं. देवरूखमध्ये पतसंस्था आहेत, छापखाने आहेत, औषधांची दुकानं आहेत, जवळ साडवलीची औद्योगिक वसाहत आहे, तालुक्यात काजू आणि आंबा प्रक्रियेची कामं आहेत. यातल्या एखाद्या ठिकाणी मे महिन्याच्या सुट्टीत पंधरा दिवस काम, थोडं मानधन, आणि सोबत शाळेतलं कुणीतरी. ऐकू न येणाऱ्या मुलाबरोबर काम केलेला दुकानदार पुढच्या वेळी ‘जमेल का?’ असं न विचारता ‘कधीपासून येतो?’ असं विचारतो. माझ्या कामात मालकांचा विरोध क्वचित आडवा येतो, माहितीचा अभाव मात्र जवळजवळ दर वेळी.

दिव्यांगत्वाच्या खोट्या प्रमाणपत्रांच्या प्रकरणांनी २०२४ मध्ये बराच गदारोळ झाला आणि त्याची झळ खऱ्या दिव्यांगांना लागली. तपासणी कडक झाली पाहिजे यात वाद नाही. पण ७६ व्या फेरीच्या पाहणीत प्रमाणपत्र असलेले दिव्यांग फक्त २८.८ टक्के होते. ज्यांच्याकडे प्रमाणपत्र असायला हवं पण नाही, त्यांची संख्या खोटं प्रमाणपत्र असणाऱ्यांपेक्षा कितीतरी मोठी आहे, आणि त्यांच्याबद्दल मथळे होत नाहीत. संशयाच्या वातावरणात मागायला लाज वाटणारं मूल आणखी गप्प होतं.

देवरूखमध्ये हे करून बघण्यासाठी सगळं सामान आहे. इंदिराबाई हळबे यांनी १९५४ मध्ये इथे मातृमंदिर सुरू केलं, तेव्हापासून ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठी उभं राहायची सवय या गावाला आहे. हायस्कूलं आहेत, आठल्ये-सप्रे-पित्रे महाविद्यालय आहे, कला आणि डिझाइनचं कॉलेज आहे, आंबवला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. नववीच्या दिवाळीनंतर या मुलांना एकदा कॉलेजात नेऊन जिना, स्वच्छतागृह, ग्रंथालय, प्रयोगशाळा स्वतः फिरून बघू द्यावं, आणि काय अडलं ते त्यांनीच प्राचार्यांना सांगावं. प्राचार्यांच्या हातात दुरुस्तीला दीड वर्षाहून जास्त वेळ राहतो. आठवीच्या प्रवेशाच्या दिवशी शाळेच्या कार्यालयाने प्रत्येक दिव्यांग मुलाच्या नावापुढे कागदपत्रांच्या तारखा लिहाव्यात. अध्ययन अक्षमतेचं उदाहरण घ्या. केंद्राच्या २०१८ च्या सूचनांप्रमाणे हे प्रमाणपत्र चौदाव्या वर्षी पुन्हा काढावं लागतं आणि अठराव्या वर्षी पुन्हा. अठराव्या वर्षी मिळालेलं मात्र जन्मभर चालतं. अठरावं वर्ष नेमकं बारावी आणि कॉलेज यांच्या सांध्यावर येतं, शाळेचं लक्ष संपलेलं असतं आणि कॉलेजचं सुरू झालेलं नसतं, आणि तिथे ती तपासणी राहून गेली की पदवीच्या सगळ्या परीक्षा त्या मुलाला जादा वेळेशिवाय द्याव्या लागतात. ही तारीख जन्मतारखेवरून आठवीतच काढता येते. ती वहीत शाळेने लिहावी, आणि त्याच दिवशी मुलाकडूनही त्याच्या वहीत लिहून घ्यावी.